उत्तरेला डोकं

आमच्या शाळेत नकाशा एकच होता आणि तो नसलेल्या राज्याचा होता. निजाम गेला, संस्थान गेलं, पुढे हैदराबाद राज्यही मोडलं आणि आमचा परभणी जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला. भिंतीवरचं मेणकापड मात्र जिथल्या तिथे. त्यावरची अक्षरं उर्दू. वर्गातल्या एकाही लेकराला ती वाचता येत नव्हती. हेडमास्तरांना येत होती, पण त्याचा उपयोग काही नव्हता, कारण ते नकाशाकडे पाठ करून भूगोल शिकवत. छडी खांद्यावरून मागे न्यायची, अंदाजाने टेकवायची आणि म्हणायचं, "हे औरंगाबाद." छडी कधी औरंगाबादवर असे, कधी नकाशा सोडून भिंतीच्या पोपड्यावर. मुलं माना डोलवत. औरंगाबादला कुणालाच जायचं नव्हतं, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नव्हती.

दिशांचं शिक्षण याहून थोर. शाळा पूर्वी महादेवाच्या देवळात भरत असे. देवळाचं दार उगवतीला. हेडमास्तरांनी तिथे पाठ बसवला होता: "दाराकडे तोंड करा. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर." पुढे शाळा जुन्या चावडीत आली. चावडीचं दार मावळतीला. हेडमास्तर आले, फळा आला, घंटा आली आणि पाठही तसाच उचलून आणला. मी शाळेत रुजू झाले तेव्हा सगळा वर्ग मावळतीकडे तोंड करून एका सुरात "समोर पूर्व" असं ओरडत होता.

मी म्हटलं, "गुरुजी, सूर्य इथे मागच्या भिंतीकडून उगवतो."

"परीक्षेत सूर्य विचारत नाहीत, बाई. दिशा विचारतात," ते म्हणाले.

एकदा मी पोरांना ओढ्याच्या कडेला नेऊन एकाला विचारलं, पूर्व कुठे? त्याने चहूकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "बाई, हितं दार कुठाय?"

माझी त्या शाळेतली जागा मुलींच्या जिवावर होती. ताडकळसच्या बाजाराला चालत जाता येईल अशा त्या गावात तोवर मुली शाळेत येत नसत. मास्तर बाप्या असला की पोरगी पाठवायची नाही, हा तिथला दस्तूर. म्हणून सरकारने बाईची जागा मंजूर केली, पण कच्ची. मुली येत राहिल्या तर जागा राहील, मुली घरी बसल्या तर जागा जाईल. मला लग्नानंतर लवकरच वैधव्य आलं होतं. परभणीत राहून मी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते कुठल्या ध्येयासाठी नव्हे. दिराच्या घरी जायचं नव्हतं म्हणून. तिथे माझ्यासाठी एक कोपरा, एक जातं आणि जन्मभर ऐकायचं उपकाराचं बोलणं तयार होतं. जात्याला मी कधी भ्याले नाही. बोलण्याचा मला कंटाळा आहे. तेव्हा त्या शाळेत मुली टिकणं ही माझी गरज होती, आणि हे मी कुणापासून लपवलं नाही.

मुंबई राज्यात गेल्यावर नवा अभ्यासक्रम आला. तिसरीला आधी शाळा, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. कल्पना चांगली होती. तिच्याबरोबर शिक्षकांसाठी एक पातळ पुस्तिका आली, ती लिहिणाऱ्याने आमच्यासारखं गाव चित्रातही पाहिलं नसावं. मुलांना पोस्टात न्या, स्टेशनात न्या, बागेत न्या आणि रस्त्याचा आराखडा काढून घ्या. आमच्या गावात पोस्ट नव्हतं, स्टेशन नव्हतं, आणि बाग म्हटलं की लोकांना पाटलाची मोसंबी आठवत, जिथे लेकरांना नेलं असतं तर आराखड्याऐवजी दगड मिळाले असते. पुस्तिकेत आणखी एक वाक्य होतं, खेळातून शिकवा. शिक्षणखात्यातल्या पुष्कळ लोकांना खेळ म्हणजे टाळ्या वाजवत गोल फिरणं एवढंच माहीत असतं. मला तसले खेळ येत नव्हते. ज्या खेळात कुणी जिंकत नाही आणि कुणी रडत नाही, तो खेळ लेकरं खेळत नाहीत, तुमच्या समाधानासाठी खेळल्यासारखं करतात.

मी चिंचोके घेतले. चिंचोक्यांची पुरचुंडी चावडीच्या अंगणात लपवायची, पाटीवर अंगणाचा आराखडा काढायचा, ओटा, लिंबाचं झाड, रांजण, घंटेचा खांब, आणि लपवलेल्या जागी फुली मारायची. जो शोधेल त्याचे चिंचोके. पहिल्या दिवशी धनगराच्या पोरीने पाटीकडे ढुंकून न पाहता पुरचुंडी काढून दिली. कशी सापडली विचारलं तर म्हणाली, "बाई, तुमची पावलं तकडंच गेलती की." मेंढरांमागे फिरणारी पोर, तिला मातीतल्या पावलांपुढे पाटी कशाला लागते? दुसऱ्या दिवसापासून मी आधी अंगणभर लिंबाचा डहाळा फिरवू लागले. मग तीही इतरांसारखी पाटी घेऊन चाचपडू लागली आणि मला बरं वाटलं.

पाटी हातात उभी धरली की लेकरांचं गणित बिघडे. ती पाटी तशीच छातीशी धरून वळत, की अंगण फिरे आणि पाटीवरचं झाड रांजणाच्या जागी येई. मी नेम केला, पाटी जमिनीवर ठेवायची, झाड झाडाकडे करायचं, मग चालायचं. तरी भांडणं होत. "उजवीकडं" म्हटलं की ज्याचं तोंड जिकडे तिकडे त्याची उजवी. उभं लेकरू वळलं की आपली डावी-उजवी बरोबर घेऊन वळतं. तेव्हा मला वाटलं, एका लेकराला आडवंच पाडावं. आडवं लेकरू वळत नाही.

असा तो खेळ सुरू झाला. अंगणात पोतं अंथरायचं, एकाने त्यावर उताणं निजायचं. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, हात दोन्हीकडे पसरलेले. निजलेलं लेकरू म्हणजे आपला परभणी जिल्हा. डोक्याशी जिंतूर, पायाशी गंगाखेड, बेंबीवर परभणी, उजव्या हाताला पाथरी, डाव्या हाताला पूर्णा. बाकीच्यांनी भोवती उभं राहायचं. मी म्हणायची, "जिंतूरहून गंगाखेडला निघा, वाटेत परभणी लागेल," की एकाने डोक्यापासून पायापर्यंत चालायचं, बेंबीपाशी थांबून नमस्कार करायचा. "पाथरीहून पूर्णेला," की हातावरून हाताकडे. चुकला तो बाद. शाळेतल्या प्रत्येकाला जिल्हा व्हायचं होतं, कारण जिल्ह्याला काही काम नसतं आणि सगळे त्याच्याभोवती फिरतात.

हेडमास्तर ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, "बाई, तुमचं उलटं झालं. उत्तरेकडे तोंड केलं की उजव्या हाताला पूर्व येते. तुमची पूर्णा डाव्या हाताला गेली."

मी म्हटलं, "गुरुजी, त्याचं तोंड उत्तरेकडे नाही. आभाळाकडे आहे."

मग आत जाऊन त्यांनी घंटा दिली.

तो खेळ तिसरीच्या मुलींना इतका लागला की त्यांनी तो घरी नेला. तिथे सगळं बिघडलं.

गावच्या पाटलांची नात माझ्या तिसरीत होती. तिचा आजा गावचा जुना माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारा, वारं जाऊन अर्धं अंग लुळं पडलेला, दोन वर्षं ओसरीवरच्या बाजेवर पडून. संध्याकाळी पोरीने भावंडं गोळा केली आणि खेळ मांडला. पण भावंडांना जिल्हा होण्यातली मजा ठाऊक नव्हती; आडवं कुणी निजेना, सगळ्यांना चालायचंच होतं. तेव्हा तिला समोर आयता निजलेला माणूस दिसला. आजाची बाज पूर्व-पश्चिम होती. या लेकरांनी बाजेचे खूर ओढत, एकमेकांना शिव्या देत ती फिरवली, आजाचं डोकं उत्तरेला आणलं, पाय दक्षिणेला केले, हात पसरले, बेंबीवर परभणी म्हणून चिंचोका ठेवला. आजीने देवापुढे दिवा लावून बाहेर येऊन पाहिलं आणि ती किंचाळली.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला असंच निजवतात. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. दक्षिण यमाची. जिवंत माणूस तिकडे पाय करून झोपत नाही, तान्हं लेकरूही झोपवत नाहीत. आणि वर पाय गंगाखेडला. आमच्या भागातला माणूस गंगाखेडला बाजाराला पुष्कळदा जातो, पण एकदा मडक्यात बसून जातो, कारण अस्थी तिथेच गोदावरीत सोडतात. म्हातारीने ओसरीवर आपला नवरा तिकडे निघालेला पाहिला.

मला हे आधी कसं सुचलं नाही, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला तसं निजवलेलं मी पाहिलं होतं, तरी सुचलं नाही. जिवंत लेकरू मढ्यासारखं दिसतच नाही. ते खाजवतं, हसतं, जिंतूर उचलून कोण कुठे चाललंय ते बघतं. ज्यांना त्यात मढं दिसलं, त्यांनी आपले डोळे तपासावेत असं माझं तेव्हाही मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी चार बायका घेऊन शाळेच्या दारात आली. हेडमास्तर प्रार्थनेसाठी उभे होते, ते जरा भिंतीकडे सरकले.

"काय शिकवायलात ओ बाई लेकरायला?" म्हातारी म्हणाली. "जित्या माणसाला मेल्यावाणी निजवायचं? हेच शिकून आलात का परभणीहून?"

"आजी, तो जिल्ह्याचा नकाशा आहे."

"आग लागो तुमच्या जिल्ह्याला! दोन साल झाले, म्या त्येन्ला घास भरवायलेय. अन् तुमी एका संध्याकाळी गंगाखेडला धाडायलात!"

मागची एक बाई मला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "सोताचा नवरा खाल्ला, आता दुसऱ्याचे निजवायलीय."

हे वाक्य मी नव्याने ऐकलं नव्हतं. अशा वाक्याला उत्तर दिलं की बोलणारीला आपण शहाण्या आहोत असं वाटू लागतं. मी म्हातारीलाच विचारलं, "आजोबांची तब्येत कशी आहे?"

"तुमच्या पायगुणानं अजून हायेत."

"मग बिघडलं काय?"

त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. जाताना ती नातीचं मनगट धरून तिला घेऊन गेली, आणि एकेक करून इतर आयाही आल्या व आपापली मुलगी उठवून घेऊन गेल्या. दुपारपर्यंत मुलींच्या ओळीत धनगराची पोर तेवढी उरली. तीही कुठल्या मोठ्या विश्वासाने नव्हे. तिच्या घरचे मेंढरं घेऊन लांब चारणीला गेले होते, त्यांच्यापर्यंत बातमीच पोचली नव्हती.

हेडमास्तर प्रार्थना, पाढे, सुट्टी हे सगळं उरकून माझ्याकडे आले. तपासणीसाठी साहेब लवकरच येणार होते. साहेब आले आणि मुलींची ओळ रिकामी दिसली की माझी जागा तिथल्या तिथे संपत होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"मी तुम्हाला त्याच वेळी सांगितलं होतं, उलटं आहे म्हणून," ते म्हणाले.

"तुम्ही पूर्णा डावीकडे गेली असं सांगितलं होतं."

"तेच ते. खामखा नवीन काढायला गेलात. आता पारावर जा, नारळ फोडा, चुकलं म्हणा. बायामाणसांचं काय, चार दिवसांत विसरतील."

"आणि खेळ?"

"खेळ बिलकुल बंद. पुन्हा दाराकडे तोंड."

मी पारावर गेले नाही. पारावर बसणाऱ्यांना मुली शाळेत पाठवायच्या की नाही हे विचारायला तोवर कुणी गेलं नव्हतं. मी गेले असते तर त्यांना आपल्याला काही अधिकार आहे असं वाटलं असतं. ज्या घराचं पाहून बाकीच्या मुली घरी बसल्या होत्या, त्या घरी मी गेले. पाटलाची पोरगी आली की बाकीच्या येणार, हे उघड होतं. गावात विचार असा नसतोच, कुणाच्या तरी मागे जाणं असतं.

ओसरीवर बाज पुन्हा पूर्व-पश्चिम झाली होती. म्हाताऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड पण कळण्यासारखं. म्हातारी खांबाला टेकून तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी बसले.

"तुमीच का त्या जिल्हेवाल्या बाई?" म्हातारा म्हणाला.

"हो."

"ह्या घरात दोन साल मी पडून हाय. येता-जाता कोण बघत न्हाई माझ्याकडं. लेकरांनी काल माझा जिल्हा केला, तर समदं गाव धावून आलं." तो हसला की खोकला, ते कळलं नाही. "लय दिसांनी कोणी माझ्या अंगावरून चाललं. बेंबीवर परभणी ठीवली होती पोरीनं. म्या हालू न्हाई दिली."

"आग लागो त्या परभणीला," म्हातारी तांदळात बघत म्हणाली.

"तू गप. तुला माझं काय पडलंय? मी मरंन म्हून भेलीस का मी जितं हाय म्हून दचकलीस?"

म्हातारीने सूप आपटलं. मी म्हटलं, "पाटील, मी भांडण लावायला आले नाही. तुमची नात शाळेत पाठवा. ती आली नाही तर दुसऱ्या येणार नाहीत. दुसऱ्या आल्या नाहीत तर माझी जागा जाईल आणि गावातल्या पोरींची शाळा संपेल. खेळ नको असेल तर सांगा, पण पोरगी पाठवा."

"खेळ नको कोण म्हनलं?" म्हातारा म्हणाला. "खेळ झ्याक हाय. पण बाई, पाय गंगाखेडला नको. गंगामाई हाय ती. मेल्यावर जाणारच हाय मी तिच्याकडं. आत्तापासून पाय कामून दावू?"

"मग डोकं कुठे करू?"

"उगवतीला करा. पूर्णेला डोकं, पाथरीला पाय."

"पाथरीला पाय चालतील?"

"पाथरीचं काय जातंय? माझी सासुरवाड हाय ती. तिला पाय दावलेलेच बरे."

"ऐकायलेय मी," म्हातारी म्हणाली. पण तिच्या आवाजातला जाळ गेला होता; पाथरीवरून त्यांचं भांडण बहुधा लग्नापासून चाललेलं होतं आणि त्यात ती मुरलेली होती.

मी तिथेच बसून मनातल्या मनात लेकरू फिरवून पाहिलं. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. जिंतूर उजव्या हाताला येतं, गंगाखेड डाव्या. काहीच बिघडत नाही. जिल्हा जिथे आहे तिथेच राहतो. मला यात हार मानण्यासारखं काही दिसलं नाही. नकाशाला देव नसतो आणि त्याला डोकंही नसतं. मी म्हटलं, "ठीक आहे. डोकं उगवतीला."

म्हातारा म्हणाला, "उद्या पोर यील. अन् तिला सांगा, घरी आली की मला जिल्हा करायचा. आठवड्यातून एकदा तरी."

दुसऱ्या दिवशी ती आली, आणि दुपारपर्यंत तिच्यामागे बाकीच्या. कुणी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. शाळेतली पोरं एका दुपारीत नव्या दिशेने निजायला शिकली. मोठ्यांना जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते त्यांना जमतं, याचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. लहान मुलांना कुठलीच जागा पक्की नसते म्हणून ते जमतं. पाटीवरही ती आता पूर्णा वर काढू लागली, पाथरी खाली, जिंतूर डावीकडे, गंगाखेड उजवीकडे. घराघरांत म्हाताऱ्यांच्या बाजा लेकरांनी पाहिल्या असतील, पण फिरवल्या मात्र नाहीत. पाटलाची एक बाज तेवढी जिल्हा झाली. म्हातारा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. मेला असता तर दिलं असतं.

साहेब आले ते देशावरचे, मुंबई राज्यात आल्यापासून आमच्याकडे धाडलेले. पांढरंशुभ्र धोतर, कोट, हातात छत्री. हेडमास्तरांनी त्यांना आधी नकाशापाशी नेलं, पण त्यावरची उर्दू पाहून साहेबांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना घाईने अंगणात आणलं आणि सांगितलं, "ही आमची नवी पद्धत, खेळातून भूगोल." 'आमची' शब्द मी ऐकून ठेवला.

पोत्यावर एक मुलगा निजला होता, डोकं पूर्वेला. मुलींची ओळ भरलेली होती. साहेबांनी ती एकदा नजरेने मोजली आणि मला जरा हायसं वाटलं. मग त्यांनी पाटलाच्या नातीच्या हातातली पाटी घेतली.

"हे जिंतूर डावीकडे कसं?"

"तकडंच असतंय, साहेब."

"चूक. जिंतूर वर असतं."

"वर आभाळ असतंय, साहेब," ती म्हणाली आणि तिने हात लांब करून लिंबाच्या झाडापलीकडे, जिंतूर जिकडे होतं तिकडे बोट दाखवलं. "जिंतूर तकडं हाय."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, नकाशात उत्तर नेहमी वर असते. हा नियम आहे. उत्तरेला डोकं पाहिजे."

"आधी तसंच होतं. गावाला चाललं नाही. उत्तरेला डोकं करून मढं निजवतात."

साहेब हसले. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना, हेडमास्तर, मी, तिसरीतली पोरं आणि तमाशा बघायला जमलेली चार माणसं, एक भाषण ऐकवलं. खुळ्या समजुती. शिक्षकाचं कर्तव्य. शास्त्रीय दृष्टी. नवा काळ. भाषण चांगलं होतं; ते त्यांनी इतर गावांतही केलं असणार. शेवटी म्हणाले, "असल्या समजुतींपुढे शिक्षकाने मान तुकवली की शाळा कशाला ठेवायची?"

शाळा कशाला ठेवायची, हे ऐकल्यावर मला गप्प बसणं परवडलं नाही.

"खरं आहे, साहेब," मी म्हटलं. "मग तुम्हीच एकदा आडवे व्हा. उत्तरेला डोकं. गावातली माणसं उभी आहेत, पाटलांच्या घरचेही आहेत. साहेब निजले आणि काही झालं नाही म्हटल्यावर सगळ्यांची भीती जाईल. मी उद्यापासून लेकरांना तसंच निजवते."

हे मी चिडून म्हटलं नव्हतं. मला खरंच तोच सोपा उपाय वाटला होता.

साहेबांनी धोतराकडे पाहिलं. "इथे धूळ..."

"पोतं झाडलेलं आहे."

पोत्यावरचा मुलगा तत्परतेने उठून बाजूला झाला. पाटलाची नात चिंचोका घेऊन परभणी ठेवायला पुढे आली. "साहेब, हालायचं न्हाई हं," ती म्हणाली. "आमचे आबा बिलकुल हालत न्हाईत."

साहेबांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्याजवळ येऊन, लेकरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तसं नाही, बाई. माझे वडील आहेत अजून."

वडील हयात असताना मुलाने दक्षिणेकडचं काही करू नये, तिकडे तोंड करून जेवूही नये, हा त्यांच्या घरचा दस्तूर. मला तो माहीत होता, माझ्या माहेरीही होता. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की उत्तरेला डोकं नको हा गावाचा दस्तूर आणि उत्तरेला डोकंच पाहिजे हा खात्याचा दस्तूर, दोन्ही एकाच जातीचे. कुणीतरी, कधीतरी तसं ठरवलं आणि पुढच्यांनी विचारायचं सोडलं. फरक इतकाच की गावाचा दस्तूर मोडला तर म्हातारी येऊन शिव्या देते, खात्याचा मोडला तर पगार थांबतो. म्हातारी परवडते.

साहेबांनी घसा साफ केला आणि मोठ्याने जाहीर केलं, "जमिनीवर स्थानिक सोयीप्रमाणे चालेल. पाटीवर मात्र उत्तर वर."

"हो, साहेब," मी म्हटलं. लेकरांना म्हटलं, "पाट्या फिरवा." त्यांनी पाट्या फिरवल्या. जिंतूर वर आलं, पूर्णा उजवीकडे गेली. नव्याने काही शिकवावं लागलं नाही. साहेबांनी दोन-तीन मुलांना विचारलं, "गंगाखेड?" मुलांनी पाटीवर खाली बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने गंगाखेडकडे दाखवलं. साहेबांनी "ठीक" म्हटलं, पाटलांच्या घरी जेवले आणि निघून गेले. जाताना हेडमास्तरांनी त्यांना नव्या पद्धतीबद्दल पुन्हा एकदा सांगितलं. पुढे जिंतूरला शिक्षकांच्या सभेत ते तिच्यावर बोलले म्हणे. पूर्वेला डोकं का, असं कुणी विचारलं तेव्हा उगवत्या सूर्याबद्दल त्यांनी काही सुंदर सांगितलं. मी त्या सभेला नव्हते, शाळा चालवत होते.

पुढच्या जूनमध्ये माझी जागा कायम झाली. हुकमात कारण म्हणून मुलींची हजेरी समाधानकारक एवढंच होतं, नकाशाचा, खेळाचा, आडव्या पोरांचा उल्लेख नव्हता. मला तो नकोही होता. मी ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दिराला निरोप धाडला, की आता माझी वाट पाहू नका. पुढच्या बाजारी तो माणूस उलट निरोप घेऊन शाळेच्या दारात आला आणि सगळ्या वर्गासमोर, घाम पुसत, त्याने तो सांगितला: तुमचे दीर म्हणाले, बाईला शिंगं फुटली, पगार बंद झाला की येईलच चुलीपुढे.

त्या वेळी आम्ही अंगणात काठी रोवून सकाळची सावली बघत होतो. मी म्हटलं, "ऐकलं. आता जरा बाजूला हो, लेकरांच्या सावलीवर उभा आहेस."